आजारपणात अभ्यास, लेखन आणि रोजचं काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते. चौदा वर्षांपासून मला आमवात आहे. या चौदा वर्षांत अहिराणी गाणी गोळा करण्याचं माझं काम हळू झालं, पण सुटलं नाही. त्यामुळे नंदुरबारपासून रावेरपर्यंतचे विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, आजारानं घरात अडकलेल्या बाया मला तेच तेच प्रश्न विचारतात. कुणी फोनवर, कुणी लग्नाच्या मांडवात. ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. औषध, पथ्य आणि व्यायाम यांत तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. मी सांगते आहे ते कामाची मांडणी कशी करायची, एवढंच.

१. घरचे म्हणतात, आजारी माणसानं पूर्ण आराम करावा. अभ्यास सुरू ठेवला तर चूक होईल का?

ताप असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं असेल, तर पुस्तक खुशाल मिटून ठेवा. पण वर्षानुवर्षं सोबत राहणाऱ्या आजारात ‘बरं वाटल्यावर करू’ म्हणत बसलं तर ते बरं वाटणं येतच नाही. शिवाय सतत पडून राहिल्यानं स्नायू झिजतात, उतारवयात तर थोड्याच दिवसांत. मग जिना चढताना लागणारी धाप आजाराची की पडून राहण्याची, हेही कळेनासं होतं. डॉक्टरांना ‘आराम करू का?’ असं मोघम विचारू नका. ‘रोज अर्धा तास बसून लिहिलं, अंगणात दहा मिनिटं चाललं तर चालेल का?’ असं विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं, आणि ते घरच्यांनाही सांगता येतं.

२. नुसता अशक्तपणा आहे. वाचायला बसलं की डोळे मिटतात. आजार कोणता तेच माहीत नाही. आधी काय करू?

आधी तपासणी, वेळापत्रक नंतर. आपल्याकडे अशक्तपणा म्हटलं की लोक सलाईन लावून घेतात आणि चार दिवस बरं वाटल्यावर मूळ कारण विसरतात. रक्तातलं हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांबद्दल डॉक्टरांना विचारा. गर्भवती नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरतात. दूधही बेताचंच घेणाऱ्या शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता नेहमी आढळते. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेलं जेवण मात्र मदत करतं.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, वजन उतरणं, यांतलं काही असेल तर थुंकीची तपासणी टाळू नका. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. साध्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो, आणि नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १००० रुपये मिळतात. क्षय लपवून परीक्षेची तयारी करणारी मुलं मी पाहिली आहेत. वर्ष वाया गेलं तर ते भरून काढता येतं, फुफ्फुस तसं भरून निघत नाही.

३. दिवसाला किती तास अभ्यास करावा?

सगळ्यांत जास्त वेळा हा प्रश्न येतो, आणि विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. आकडा प्रत्येकाचा वेगळा, पण तो काढायची रीत सांगते.

दोन आठवडे एका वहीत तीनच गोष्टी लिहा : काय केलं, किती वेळ केलं, आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटलं. तिसरा रकाना महत्त्वाचा. काम करताना कसं वाटलं यावर विसंबू नका, उत्साहात शरीर खोटं बोलतं. ज्या मापानं दुसरा दिवस कोसळत नाही, ते तुमचं खरं माप. त्यातलाही चौथा हिस्सा सोडून द्या आणि उरलेलं रोज करा. तो सोडलेला हिस्सा पाहुणे, लाईट जाणं, नळाला पाणी न येणं अशा गोष्टींत जातोच.

आपल्या भागात हे समजावायला फार शब्द लागत नाहीत. केळीच्या बागेत मोकाट पाणी सोडलं तर वरची माती भिजते आणि बरंचसं पाणी वाया जातं. ठिबकनं मोजकं पाणी मुळाशी पडतं आणि बाग उभी राहते. ज्याची विहीर आटत चालली आहे त्यानं तर ठिबकच करायचं असतं.

माझं माप सांगते. सकाळी दहापर्यंत बोटं आखडलेली असतात, म्हणून मी पहाटे अभ्यास करण्याचा हट्ट सोडला. साडेदहा ते सव्वाअकरा लेखन. दुपारी झोप. चार वाजता अर्धा तास ध्वनिमुद्रणं ऐकणं. रविवारी मी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी घेते, सोमवार जड जातो, म्हणून सोमवारी लेखन ठेवतच नाही. एवढ्याशा वेळात काय होणार, असं पूर्वी मलाही वाटायचं. सव्वा तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे वर्षाला जवळपास ३९० तास होतात. चार्ल्स डार्विन जवळपास चाळीस वर्षं आजारी होता. त्याचा मुख्य कामाचा वेळ सकाळी आठ ते साडेनऊ आणि साडेदहा ते बारा इतकाच असे. बाकी दिवस फिरणं, पत्रं, आडवं होऊन कुणाकडून वाचून घेणं.

४. एखाद्या दिवशी खूप बरं वाटतं. मग त्या दिवशी राहिलेलं सगळं उरकून घ्यावं ना?

नाही. सगळ्यांत जास्त नुकसान याच दिवशी होतं. बऱ्या दिवशी सहा तास काम, मग तीन दिवस अंथरूण, मग अपराधी वाटून पुन्हा सहा तास, असं चक्र लागतं. बऱ्या दिवशी ठरलेल्या मापापेक्षा फार तर दहा-पंधरा मिनिटं जास्त करा आणि उरलेली ताकद अंगात राहू द्या.

काही आजारांत हे आणखी कडक पाळावं लागतं. विषाणूच्या तापानंतर महिनोन्‌महिने टिकणारा थकवा किंवा दीर्घ थकव्याचा विकार यांत श्रमाचा फटका त्याच वेळी कळत नाही. बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी तो एकदम बसतो. अशा माणसाला ‘रोज थोडं थोडं वाढवत जा’ हा सल्ला बाधू शकतो. त्यांनी माप वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

५. आणि अगदी वाईट दिवशी? काहीच झालं नाही तर अभ्यासाचा दोर तुटतो.

दोर तुटू नये याची सोय चांगल्या दिवशी करून ठेवायची असते. मी काम थांबवताना वाक्य अर्धवट सोडते आणि खाली पेन्सिलनं लिहिते : ‘पुढे : धरणगावची ओवी आणि पारोळ्याची ओवी यांतला फरक, वही ३, पान ४१.’ आठ दिवसांनी परत बसले तरी कुठून धरायचं ते कळतं. आजारी माणसाला काम परत सुरू करणंच जड जातं, एकदा सुरू झालं की ते चालतं.

दुसरं, पडल्या पडल्या होणाऱ्या कामांची वेगळी यादी ठेवा : मुद्रण ऐकणं, संदर्भाच्या चिठ्ठ्या लावणं, एखाद्या शब्दाचा अर्थ आत्याला फोनवर विचारणं. आणि यांतलं एकही जमलं नाही तर तो दिवस कोरा जाऊ द्या. वहीत तारीख टाका, पुढे ‘आराम’ लिहा. तीसुद्धा नोंदच आहे, प्रश्न ३ मधल्या वहीला तिचाही उपयोग होतो.

६. हाताची बोटं चालत नाहीत (किंवा दिसणं कमी झालं आहे). लिहिणं संपलं का?

हाताचं लिहिणं थांबलं तरी तोंडानं सांगणं उरतं, आणि खान्देशाला तर याची जुनी सवय आहे. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या बोलत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी गाणी उतरवून ठेवली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. आज आपण ते वाचतो ते त्या टिपून घेण्यामुळे. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा असल्यानं यांतलं कुठलंच काम उणं ठरलं नाही.

आज फोनच्या मराठी कीबोर्डवर माईकचं चिन्ह दाबून बोललं की टंकलं जातं. पहिला आठवडा चिडचिड होते, मग सवय होते. विरामचिन्हं नंतर घाला. एकदम पाच-सात वाक्यं बोला, मग थांबून तपासा. अहिराणी मात्र यातून नीट उतरत नाही. माझ्या ओव्यांचं त्यानं नको ते प्रमाण मराठी करून टाकलं. बोलीतला मजकूर आधी ध्वनिमुद्रित करा, मग एखाद्या विद्यार्थ्याकडून हातानं लिहून घ्या आणि त्याला मोबदला द्या. त्याचं नावही श्रेयात घाला.

दिसण्याचा त्रास असेल तर फोनची अक्षरं मोठी करणं आणि मजकूर वाचून दाखवण्याची सोय चालू करणं, या दोन गोष्टी आजच करून घ्या.

७. ग्रंथालयापर्यंत जाणं होत नाही. संदर्भ कुठून आणू?

मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत वाचता येतो. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगेवर आहेत. जुनी, स्वामित्वहक्क संपलेली मराठी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर पानापानांच्या छायाचित्रांसह सापडतात.

जे तिथे नाही त्यासाठी जावंच लागतं. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे आणि समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितं आहेत. अमळनेरला १९१६ साली स्थापन झालेली तत्त्वज्ञानाची संस्था आहे. अशा ठिकाणी जाण्याआधी फोन करा. कोणती पोथी, कोणती पानं हवीत ते आधी कळवा, जिना आहे का आणि बसायला पाठीची खुर्ची मिळेल का, हे विचारा. मी एकदा न विचारता एका संग्रहालयात गेले, दोन मजले चढले आणि वाचायची ताकदच उरली नाही. प्रवासाच्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला आणि सर्व बायांना अर्धं तिकीट आहे.

८. आपल्याकडचा उन्हाळा बऱ्या माणसाला झेपत नाही. एप्रिल-मे मध्ये काय करायचं?

जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा आजारी माणसाचं माप निम्मं होतं हे गृहीत धरा आणि वर्षाचं नियोजन त्याप्रमाणे करा. मी लेखन जुलै ते फेब्रुवारीत करते आणि उन्हाळ्यात फक्त ऐकते व चिठ्ठ्या लावते. लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात मात्रेत बदल लागतो का, हे मार्च संपायच्या आत डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका. फ्रिज नसेल किंवा लाईट सारखी जात असेल तर डबीत घालून माठाच्या गारव्यात ठेवतात. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला सगळ्यांसाठी नसतो, ते प्रश्न १० मध्ये आहे.

माझ्या विषयात एक अडचण आहे. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी आखाजीलाच ऐकायची असतात, झोक्यावर, माहेरी आलेल्या लेकींच्या तोंडून, आणि आखाजी ऐन उन्हाळ्यात येते. पहिली काही वर्षं मी दुपारीच गावोगाव फिरले आणि दोनदा आजारी पडून परतले. आता मी एकच गाव घेते, आदल्या संध्याकाळी पोचते, मुक्काम करते, सकाळी नऊच्या आत आणि सूर्य कलल्यावर मुद्रण करते. पाच गावांऐवजी एक गाव, पण त्या मुक्कामात रात्री ओट्यावर बसून म्हाताऱ्या बायांनी जे सांगितलं, ते मला फिरतीच्या वर्षांत कधी मिळालं नव्हतं.

९. मला सिकलसेल आहे. नंदुरबारहून शिकायला आले आहे, होस्टेलला राहते. काय सांभाळू?

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. सातपुड्यातल्या आदिवासी घरांतली बरीच मुलं हा प्रश्न घेऊन येतात. वेदनेचा झटका ओढवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत : पाणी कमी पडणं, थंडी, अतिश्रम, ताप किंवा जंतुसंसर्ग. त्यामुळे पाण्याची बाटली वर्गात सोबत हवी. धुळ्याकडे हिवाळ्यात पारा एक आकडी होतो, तेव्हा गार पाण्यानं आंघोळ टाळा आणि पहाटेच्या मैदानी तासातून सूट मागा. रात्र जागून अभ्यास तुमच्यासाठी नाही. झटका आला तर काय करायचं, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हे एका कागदावर लिहून खोलीतल्या मैत्रिणीकडे आणि रेक्टरकडे द्या. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतो. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

१०. वडिलांचं डायलिसिस चालू आहे. निवृत्तीनंतर त्यांना गावाचा इतिहास लिहायचा होता. आता शक्य आहे का?

शक्य आहे. बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चारेक तास यंत्राला जोडून राहावं लागतं. काहींना त्या वेळात ऐकणं, बोलून मुद्रण करणं जमतं. काहींना रक्तदाब उतरून ग्लानी येते. आपल्या वडिलांचं कसं होतं ते दोन आठवडे पाहा. फिस्टुला (यंत्राला जोडण्यासाठी ऑपरेशननं केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) असलेल्या हातावर वजनदार पुस्तक ठेवू नका. डायलिसिसनंतरची संध्याकाळ मोकळी ठेवा, मधल्या दिवसाची सकाळ लेखनाला द्या.

त्यांना पाणी मोजून प्यायचं असतं, म्हणून उन्हाळ्याचे सर्वसाधारण सल्ले लागू करू नका. आणि आपल्या भागातली प्रेमाची भेट म्हणजे केळ्यांचा घड. केळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, मूत्रपिंड निकामी झालेल्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. पाहुण्यांचं मन राखा, पण आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय केळं देऊ नका.

११. पुस्तक घेऊन बसले की सासूबाई म्हणतात, ‘वाचायला बरं आहे, मग भाकरी थापायला काय झालं?’ काय उत्तर देऊ?

हा प्रश्न मला बायाच विचारतात, आजवर एकाही पुरुषानं विचारलेला नाही. उत्तर देण्याआधी एक मान्य करू : घरकाम आणि अभ्यास एकाच रांजणातलं पाणी वापरतात. चार भाकऱ्या थापून झाल्यावर माझ्या मनगटात पेन धरायची ताकद उरत नाही. कळण्याचं पीठ मळणं तर त्याहून जड. तेव्हा घरकाम ‘आपोआप होणारं’ म्हणून हिशेबाबाहेर ठेवू नका. प्रश्न ३ च्या वहीत तेही लिहा आणि ती वही सासूबाईंना, नवऱ्याला शांतपणे दाखवा. वाद घालण्यापेक्षा वहीचा उपयोग जास्त होतो. आमच्या घरी तसाच झाला.

मग कामं वाटून घ्या, बदला. मी ओट्याशी उंच स्टुलावर बसून फोडणी देते. हंडा उचलत नाही, तांब्यानं पाणी भरते. रोज लागणारे डबे कमरेच्या उंचीवर आणले. भाकरी मुलगा थापतो. पहिले महिनाभर त्या नकाशासारख्या झाल्या, आता गोल होतात. उन्हाळ्यातले बिबडे-पापड आणि श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाचे रोट ही मोठी कामं. त्यांत मी काय करणार, हे आधीच जावांना सांगते : गाणी म्हणायला आणि निवडायला बसेन, लाटायला नाही. आणि ज्या आठवड्यात कानबाई, त्या आठवड्यात लेखन नाही. दोन्ही करायला गेले तेव्हा दोन्ही बिघडलं.

१२. भेटायला येणाऱ्यांमुळे चांगला वेळ निघून जातो. नाही कसं म्हणावं?

‘कशी शे तब्येत?’ म्हणत येणारा माणूस मायेनं येतो, त्याला परत पाठवायचं नाही. फक्त वेळ सांगा : ‘संध्याकाळी पाचनंतर या, निवांत बोलू.’ घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हे सांगितलं तर वाईट वाटत नाही.

१३. पीएच.डी.ची मुदत संपत आली आणि मधली दोन वर्षं आजारपणात गेली. काही सूट असते का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रवेशापासून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं असतात. फेरनोंदणीनं जास्तीत जास्त दोन वर्षं वाढवून मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षं, मात्र एकूण दहा वर्षांपेक्षा जास्त नाही. ही सूट आपोआप लागू होत नाही. मुदत संपायच्या आधी अर्ज, सोबत वैद्यकीय कागदपत्रं, आणि पोच घेतलेली प्रत स्वतःजवळ. तुमची नोंदणी आधीची असेल तर तुम्हाला कोणते नियम लागू आहेत ते पीएच.डी. विभागाकडून लेखी घ्या.

लेखी परीक्षेत लेखनिक घ्यायला पात्र असलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना तासामागे किमान २० मिनिटं जास्त मिळतात. तो अर्जही परीक्षेच्या बऱ्याच आधी द्यायचा असतो.

१४. मार्गदर्शकांना आजाराबद्दल सांगावं का? ते गंभीरपणे घेणार नाहीत अशी भीती वाटते.

सांगावं, पण आजाराची कहाणी थोडक्यात आणि कामाचा बेत सविस्तर. ‘मला आठवड्याला सहा तास मिळतात, दुसरं प्रकरण दिवाळीनंतर देईन’ असं सांगितलं की बोलणं कामावर राहतं. एकदा एका वरिष्ठांनी मला ‘झेपत नसेल तर सोडा’ असं ऐकवलं होतं. मी तीन महिने काही लिहू शकले नाही, आणि त्यात आजाराचा वाटा थोडा होता. असं कुणी बोललं तर दुसऱ्याच दिवशी एखाद्या जाणत्या माणसापाशी मन मोकळं करा, एकट्यानं गिळू नका.

१५. शरीर एक वेळ चालतं, पण मनच लागत नाही. आता शिकून काय उपयोग, असं वाटतं.

दोन आठवडे हे सतत वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, आवडीच्या गोष्टीतही गोडी राहिली नसेल, तर तो आळस समजू नका. दीर्घ आजारात नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आत्ताच फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी शेजारी बसायला सांगा. अभ्यासाचं नंतर बघू.

१६. माझा आजार वाढतच जाणारा आहे. काम पुरं होणार नाही हे दिसतं आहे. मग सुरुवात कुठून करू?

जे फक्त तुम्हालाच माहीत आहे, तिथून. पुस्तकातले संदर्भ उद्या दुसरा कुणीही शोधेल. पण कुठल्या गावच्या कुठल्या बाईनं ती ओवी म्हटली, तिचा तो शब्द कशासाठी होता, हे तुमच्या डोक्यातच असेल तर ते आधी कागदावर किंवा आवाजात उतरवा. प्रस्तावना, परिशिष्टं, सुबक मांडणी मागाहून. पार्किन्सनसारख्या आजारात गोळीचा असर चांगला असतो ते तास ठरलेले असतात, ते तास या कामाला द्या.

मग सगळं दुसऱ्याच्या हाती लागेल असं ठेवा. प्रत्येक मुद्रणाला तारीख, गाव, गाणारीचं नाव आणि तिची परवानगी जोडा. दोन प्रती दोन घरांत ठेवा. एका माणसाला सांगून ठेवा की हे कुठे आहे. माझ्या कपाटातल्या वह्यांच्या पाठीवर आता अनुक्रम घातला आहे. पाचव्या वहीपासून पुढचं अक्षर माझं नाही, आमच्या गल्लीतल्या एका बी.ए.च्या मुलीचं आहे. न कळलेल्या शब्दांभोवती ती लाल गोल करते आणि गुरुवारी चार वाजता मला विचारायला येते.